हिशेब येतो मतदानानंतर

सांताक्रूझ नावाचा विधानसभा मतदारसंघ आज नाही. २००८च्या फेररचनेत तो गेला. पूर्वेकडे कालिना आला, पश्चिमेकडचा बराच भाग वांद्रे पश्चिमेला जोडला गेला. तरी निवडणुकीचा कायदा शिकणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. १९९० साली इथून भाजपचे अभिराम सिंग निवडून आले आणि त्यांच्या निवडीला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. धर्माच्या नावावर मते मागितली, असा आक्षेप होता. १९९१ मध्ये उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून मोठ्या पीठाकडे, मग त्याहून मोठ्या पीठाकडे. अखेर सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ अशा मतांनी निकाल दिला तो २ जानेवारी २०१७ रोजी. उमेदवाराच्या धर्माचा, जातीचा, भाषेचा आधार घेऊन मत मागणे गैर आहेच, मतदाराच्या धर्माचा घेऊन मागणेही तितकेच गैर, असे बहुमताने ठरले. तोवर मूळ याचिकाकर्ता हयात नव्हता. निकालपत्रावर त्याच्या वारसांचा उल्लेख आहे. इथल्या वाकोल्यात १९९० मध्ये अठराव्या वर्षी पहिले मत टाकलेला मुलगा निकाल वाचायला बसला तेव्हा पंचेचाळिशीत होता.

शेजारच्या पार्ल्याची गोष्ट जास्त गाजलेली आहे. डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले. प्रचारसभांतल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली. एप्रिल १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पुढे खुद्द ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. पण ज्या विधानसभेसाठी ही पोटनिवडणूक झाली, तिची मुदत १९९० मध्येच संपली होती. अंतिम निकालाच्या वेळी रद्द करायला जागाच उरली नव्हती.

या दोन खटल्यांची गाठ एकाच ठिकाणी पडते. उमेदवार काय बोलला, कुणाच्या पैशावर लढला, काय लपवले, हे तपासण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही असे म्हणणे चूक ठरेल. कायदा आहे, नमुने आहेत, शपथपत्रे आहेत, निरीक्षक आहेत. फक्त यातली बहुतेक माहिती मतदाराच्या हाती पडते ती शाई वाळून गेल्यावर. या लेखाचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो सांताक्रूझच्या आसपासच्या उदाहरणांनी मांडता येतो.

आधी भूमिकांचे पाहू. सांताक्रूझमधून १९९९ आणि २००४ मध्ये आणि फेररचनेनंतर २००९ मध्ये कालिन्यातून काँग्रेसचे कृपाशंकर सिंह निवडून आले. गृहराज्यमंत्री झाले, मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्याविरुद्ध उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेच्या आरोपांची जनहित याचिका होती आणि तीत २०१२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश मुंबईच्या पोलीस आयुक्तांना दिला. २०१४ मध्ये ते कालिन्यात हरले. २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्यासाठी कारण दिले ते खटल्यासाठी लागणारी मंजुरी रीतसर घेतलेली नसल्याचे. म्हणजे मालमत्तेचा प्रश्न इकडून वा तिकडून सुटलाच नाही. २०१९ मध्ये कलम ३७० वरच्या काँग्रेसच्या भूमिकेशी मतभेद असल्याचे सांगून त्यांनी पक्ष सोडला, २०२१ मध्ये भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमधून भाजपचे लोकसभेचे उमेदवार झाले. तिथे ते हरले.

पक्ष बदलणे हा काही गुन्हा नव्हे. पार्ल्यातून २००९ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आलेले कृष्णा हेगडे २०१७ मध्ये भाजपमध्ये गेले, पुढे शिवसेनेत. पण जौनपूरच्या मतदाराला कृपाशंकर सिंहांची तपासणी करायची असती, तर त्याला कालिन्याच्या आमदाराचे काम पाहावे लागले असते. ते सापडते कुठे?

अमेरिकेत एखाद्या सिनेटरने वीस वर्षांपूर्वी कुठल्या विधेयकाच्या बाजूने मत दिले, हे बसल्या जागी सांगता येते. आपल्याकडे ते जवळपास अशक्य आहे, आणि त्याचे कारण आळस नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश निघाला की आमदाराने त्याप्रमाणे मत द्यायचे. नाही दिले तर आमदारकी जाऊ शकते. त्यातून बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, कोण ‘होय’ म्हणाले आणि कोण ‘नाही’ म्हणाले याची नावानिशी नोंद होत नाही. तेव्हा आमदाराचे मत हे पक्षाचे मत असते. आणि पक्षच दुभंगला तर? २०२२ मध्ये शिवसेनेत पक्षादेश कुणाचा खरा, एका गटाचे प्रतोद सुनील प्रभू यांचा की दुसऱ्या गटाचे भरत गोगावले यांचा, याचाच निवाडा सर्वोच्च न्यायालयाला ११ मे २०२३ रोजी करावा लागला. गोगावलेंची प्रतोदपदी नेमणूक बेकायदा, असे न्यायालय म्हणाले. तरी १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयात कुणीही अपात्र ठरले नाही. अशा परिस्थितीत ‘आमच्या आमदाराची भूमिका’ शोधायला निघालेला मतदार कुठल्या दारावर थाप मारणार?

तरी वाट अगदीच बंद नाही. सभागृहात विचारलेले तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, हजेरी, यांवर पक्षादेशाची सावली कमी असते. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदार आणि नगरसेवकांच्या कामगिरीचे प्रगतिपुस्तक काढते ते याच सामग्रीवर. गुण देण्याच्या पद्धतीवर वाद घालता येतो. भाराभर प्रश्न विचारणारा आमदार चांगलाच, असे मला वाटत नाही. पण कुठले प्रश्न विचारले आणि कुठले कधीच विचारले नाहीत, हे त्यात दिसते. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये उंचीच्या मर्यादेमुळे सांताक्रूझ-पार्ल्यातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडकून पडला आहे. दर निवडणुकीला त्यावर आश्वासन मिळते. मिलन सबवे पावसात भरतो, त्यावरही मिळते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचे काम २००३ मध्ये सुरू झाले आणि रस्ता खुला व्हायला २०१४ उजाडले. मधल्या काळात प्रत्येकाने तो आपल्यामुळेच होत असल्याचे सांगितले. पुन्हा मत मागायला आलेल्या विद्यमान आमदाराने फनेल झोनवर पाच वर्षांत सभागृहात काय विचारले, हा मोजता येणारा प्रश्न आहे. सोसायटीच्या बैठकीत तो क्वचित विचारला जातो. तिथे पेव्हर ब्लॉक कधी बसणार, याची चौकशी जास्त होते.

जो कधी सभागृहातच गेला नाही, त्याचे काय तपासायचे? २०२४ ची लोकसभा निवडणूक याचे चांगले उदाहरण आहे. सांताक्रूझ ज्या मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात येते, तिथे भाजपने दोन वेळा खासदार राहिलेल्या पूनम महाजन यांना बाजूला ठेवून सरकारी वकील उज्ज्वल निकम यांना उभे केले. समोर काँग्रेसच्या वर्षा गायकवाड होत्या, धारावीच्या २००४ पासूनच्या आमदार आणि माजी शालेय शिक्षणमंत्री. गायकवाडांच्या मागे वीस वर्षांची विधानसभेतली भाषणे, एक मंत्रिपद आणि धारावी पुनर्विकासाबद्दलच्या भूमिका होत्या. निकमांच्या मागे १९९३ च्या बॉम्बस्फोटांपासून २६/११ पर्यंतचे खटले होते आणि एक कबुली होती. २६/११ च्या खटल्यातला आरोपी अजमल कसाब याने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही गोष्ट आपणच रचली होती, असे त्यांनी २०१५ च्या मार्चमध्ये जयपूरच्या एका परिषदेत सांगितले होते. कसाबबद्दल निर्माण होऊ लागलेली सहानुभूतीची लाट मोडण्यासाठी तसे केले, हे त्यांचे स्पष्टीकरण. ती बिर्याणी तोवर देशभरातल्या भाषणांत शिजून गेली होती. खासदार होऊ पाहणाऱ्या माणसाने सार्वजनिक हितासाठी खोटे बोलणे योग्य मानले होते काय, आणि आजही मानतो काय? माझ्या मते प्रचारातला हा सर्वात मोलाचा प्रश्न होता. तो विचारला गेला तो एकमेकांवर फेकायला दगड म्हणून. उत्तराची वाट कुणी पाहिली नाही. गायकवाड १६,५१४ मतांनी जिंकल्या. निकम जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले.

आता पैशाकडे वळू. इथे कागद भरपूर आहेत.

उमेदवाराच्या मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे शपथपत्र आपल्याला संसदेने आनंदाने दिलेले नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी ते सक्तीचे केले. सरकारने कायदा बदलून त्याची धार कमी केली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो बदल घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासूनचा शपथपत्राचा नमुना २६ आज सर्वांना परिचित आहे. वर्तमानपत्रांना त्यातले दागिने आणि गाड्या आवडतात. पाच वर्षांत मालमत्ता किती पटींनी वाढली याची चौकट तयार असते. २०१३ मध्ये न्यायालयाने रकाने कोरे ठेवायला मनाई केली, २०१८ मध्ये उत्पन्नाचा स्रोत सांगणे बंधनकारक केले.

पण शपथपत्र खोटे निघाले तर? अंबरनाथमधून २००४ मध्ये निवडून आलेले किसन कथोरे यांच्या शपथपत्रात वीजबिलाची थकबाकी, पत्नीच्या नावावरचा बंगला आणि वाहन, भागीदारीतला व्यवसाय यांचा उल्लेख नव्हता. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते उचलून धरले. निकालातले तत्त्व भक्कम आहे: माहिती दडवली म्हणजे मतदाराचा हक्क दडवला. परंतु २००४ ची विधानसभा २००९ मध्येच विसर्जित झाली होती. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्रात दोन जुन्या प्रकरणांची नोंद नसल्याचा खटला चालला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला मोकळीक दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. शपथपत्र २०१४ चे, फैसला २०२३ चा, मध्ये दोन कार्यकाळ. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही, मतदाराचा जाणण्याचा हक्क अमर्याद नाही. ते व्यवहार्य आहे हे मान्य. फक्त महत्त्वाचे काय आणि किरकोळ काय, हे ठरवायला पुन्हा कोर्टच लागणार.

शिवाय शपथपत्रात एक मोठी उणीव आहे, ती कुणी लपवलेली नाही म्हणून दिसत नाही. उमेदवाराकडे किती आहे ते त्यातून कळते. ही निवडणूक तो कुणाच्या पैशावर लढतो आहे ते कळत नाही. त्यासाठी खर्चाचा हिशेब आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार प्रत्येक उमेदवाराला तो ठेवावा लागतो. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाख ही मर्यादा आहे. वेगळे बँक खाते, दहा हजारांवरचे व्यवहार रोखीने नाहीत, चहा-वडापावपासून खुर्च्या-मंडपापर्यंत प्रत्येक वस्तूचे दरपत्रक, भरारी पथके, व्हिडिओ पथके. उमेदवाराच्या नोंदवहीला समांतर अशी अधिकाऱ्यांची छाया नोंदवही असते. हिशेबाच्या गोषवाऱ्यात निधी कुठून आला याची परिशिष्टे आहेत: स्वतःचा किती, पक्षाने किती दिला, इतर कुणी देणगी किंवा कर्ज दिले. या शेवटच्या परिशिष्टात नावे येतात. मतदाराला हवा तो कागद नेमका हाच.

मात्र तो निकालानंतर तीस दिवसांत सादर करायचा असतो. प्रचार चालू असताना नोंदवही तीन वेळा तपासली जाते आणि तिची प्रत नाममात्र शुल्कात कुणालाही मागता येते, ही तरतूद आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्र्यात आहे, सांताक्रूझहून दोन स्थानके. तरी ही प्रत मागणारे सामान्य मतदार फारसे दिसत नाहीत. मागतात ते प्रतिस्पर्धी उमेदवाराचे लोक.

हिशेबाला असलेली कुंपणेही पाहण्यासारखी आहेत. १९७४ मध्ये अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच मर्यादेत धरावा. संसदेने त्याच वर्षी कायद्याला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा आणि मित्रांचा खर्च बाहेर काढला. २००३ मध्ये ही पळवाट अरुंद झाली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास आजही बाहेर आहे आणि पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावे याला कसलीच मर्यादा नाही. हिशेब सुरू होतो तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवशी. त्याआधीची दहीहंडीची लाखोंची बक्षिसे, गणेशोत्सवाच्या कमानी, जूनमधले वह्यावाटप, हळदीकुंकवातली भांडी, शिर्डीला निघालेल्या बसगाड्या, नेत्यांच्या फोटोंचे कॅलेंडर, चष्म्यांची शिबिरे, यांतले काहीही त्यात नसते. मुंबईतला इच्छुक उमेदवार खरा खर्च अर्जाआधीच्या चार-पाच वर्षांत करतो. अर्ज भरायच्या दिवसापर्यंत त्याची निवडणूक निम्मी लढून झालेली असते.

म्हणून कागदावरचे आकडे इतके सोज्वळ असतात. २००९ मध्ये भोकरमधून लढलेले तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता. त्याच वेळी राज्यातल्या दैनिकांत ‘अशोकपर्व’ या नावाने पानेच्या पाने भरून येत होती, वेगवेगळ्या दैनिकांतला काही मजकूर तर शब्दशः सारखा होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे की नाही, यावरच सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. आहे, असे मे २०१४ मध्ये ठरले. जुलैत आयोगाने हिशेबावर ठपका ठेवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तोवर चव्हाण नांदेडचे खासदार झाले होते.

भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांनी तर जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात सरळ सांगितले, की २००९ च्या निवडणुकीत आपले आठ कोटी खर्च झाले. मर्यादा होती २५ लाखांची. आयोगाने नोटीस काढली, खुलासे झाले, शिक्षेपर्यंत प्रकरण गेले नाही. मला मुंड्यांच्या त्या वाक्याचे महत्त्व कायद्याच्या शंभर पानांपेक्षा जास्त वाटते. ते बोलले तेव्हा सभागृहात कुणी दचकले असेल तर आकड्याने दचकले नसेल, तो मोठ्याने उच्चारला गेला म्हणून दचकले असेल.

उमेदवाराच्या परिशिष्टात ‘पक्षाकडून’ असे लिहिले, की माग पक्षाच्या दारापर्यंत जातो. तिथे २०१८ ते २०२४ या काळात देणगीदाराचे नाव झाकणाऱ्या निवडणूक रोख्यांचा पडदा होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली आणि मार्चमध्ये याद्या प्रसिद्ध झाल्या. एप्रिल २०१९ नंतरच्या पाच वर्षांत भाजपने सुमारे ६,०६० कोटींचे रोखे वटवल्याचे कळले. खरेदीदारांत ४१० कोटींची क्विक सप्लाय ही नवी मुंबईचा पत्ता असलेली कंपनी निघाली, जिचे नाव तोवर फारसे कुणी ऐकलेले नव्हते. लोकसभेच्या मतदानाआधी पक्षांच्या देणगीदारांची एवढी नावे लोकांना कधीच मिळाली नव्हती. पण ती न्यायालयाच्या आदेशाने मिळाली, आणि मिळाली ती पक्षांची. कुठल्या देणगीदाराचा कुठला रुपया कालिन्यात किंवा पार्ल्यात खर्च झाला, हे त्या यादीतून काढता येत नाही. रोखे गेले तरी पक्षांच्या देणग्यांचा अहवाल वर्षातून एकदाच येतो, त्यात वीस हजारांवरच्याच देणगीदारांची नावे असतात, आणि विधानसभा निवडणुकीच्या खर्चाचे विवरण पक्षाने ७५ दिवसांत, लोकसभेचे ९० दिवसांत द्यायचे असते, अर्थात निवडणूक झाल्यावर.

अमेरिकेत दोनशे डॉलरवरच्या देणगीदाराचे नाव आणि व्यवसाय मतदानाआधीच्या अहवालांत जाहीर होतो. तिथेही २०१० नंतर सुपर पॅक नावाच्या संस्थांमधून अमर्याद पैसा येऊ लागला, तेव्हा त्यांचे सगळे घ्यावे असे नाही. पण तारीख तेवढी घेण्यासारखी आहे. उमेदवाराच्या नोंदवहीतले देणगीदारांचे परिशिष्ट मतदानाच्या आठवडाभर आधी आयोगाच्या संकेतस्थळावर टाकायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. शपथपत्रे त्याच संकेतस्थळावर अर्ज भरल्यापासून दिवसभरात चढतात, तीही शेकड्यांनी.

वेळ तर आपण कमीच करत आलो आहोत. अर्ज मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांत पूर्वी किमान वीस दिवसांचे अंतर लागे. १९९६ च्या दुरुस्तीने ते चौदा दिवसांवर आले. उत्तर मध्य मुंबईत २०२४ मध्ये अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस ६ मे होता आणि मतदान २० मेला. त्या चौदा दिवसांत निकमांची जयपूरची कबुली, गायकवाडांची वीस वर्षे, दोघांची शपथपत्रे आणि छाया नोंदवह्या एवढे सगळे पाहून व्हायचे होते. निकाल ४ जूनला लागला. कुणी किती देणगी दिली ते नावानिशी सांगणारा हिशेब सादर करण्याची मुदत ४ जुलैपर्यंत होती.